जुनी लेन्स, नवा कॅमेरा: वेड्या आयडियाला हसू नका, तिचा हिशोब मांडा



ब्रह्मपुरीच्या बॅचवर केलेला व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला. त्यात एका पोराचा प्रश्न आला होता आणि वेळेअभावी मी त्याचं अर्धंच उत्तर दिलं. कमेंटमध्ये तुम्ही बरोबर पकडलंत, "सर, त्या कॅमेऱ्याच्या आयडियाचं पुढे काय झालं?" व्हिडिओत ते सगळं बसत नाही, म्हणून इथे लिहितोय.

प्रश्न असा होता. पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, शाळेचे ग्रुप फोटो. मोबाइल आला आणि स्टुडिओचं शटर हळूहळू कायमचं खाली आलं. घरात उरली एक लोखंडी पेटी. तिच्यात रोलवाले दोन-तीन कॅमेरे आणि सात-आठ जुन्या लेन्स. पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माह्या बाबाच्या पेटीतल्या लेन्स अजून एकदम साफ आहेत जी. पण त्या लावाले कॅमेराच नाही. जुन्या लेन्ससाठी नवा डिजिटल कॅमेरा काऊन नाही बनवत कोणी? आपणच बनवला तर?"

बॅच हसली. मी हसलो नाही, कारण पुढचं वाक्य होतं, "बाबांनी धानाचे दीड लाख बाजूला ठेवले आहेत. लागतील तर देतो म्हणतात."

दीड लाख ही त्या घरासाठी एका वर्षाची झोप आहे. त्यामुळे आयडियाला हसून उडवणं चूक, आणि "हो बेटा, स्वप्न बघ" म्हणून पाठ थोपटणं त्याहून मोठी चूक. योग्य काम एकच, ती आयडिया फळ्यावर मांडायची आणि तपासायची. आपण तेच केलं. तुम्हीही तुमची आयडिया हातात घेऊन सोबत चला.

पायरी १: ग्राहकाचं दुखणं नेमकं काय?

आधी समजून घ्या की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला सरळ का लागत नाही.

प्रत्येक लेन्स एका ठरलेल्या अंतरावर चित्र पाडते. कॅमेऱ्याचं तोंड, म्हणजे जिथे लेन्स बसते तो माउंट, तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं होतं. आट्यांनी फिरवून बसवायच्या एम ४२ लेन्ससाठी ते ४५.४६ मिलिमीटर, निकॉनच्या जुन्या एफ माउंटसाठी ४६.५, कॅननच्या एफडीसाठी ४२. हे अंतर जास्त झालं तर लांबचं दृश्य फोकसच होत नाही.

जुन्या कॅमेऱ्यात आणि डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो, म्हणून अंतर जास्त लागतं. मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०. आता गंमत बघा. निकॉनची जुनी लेन्स सोनीवर लावायची तर ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिलिमीटर जागा मोकळी उरते. त्या जागेत तेवढ्याच जाडीची धातूची रिकामी नळी बसवायची. हाच तो ॲडॅप्टर. साध्या ॲडॅप्टरमध्ये काच नसते, सर्किट नसतं.

म्हणजे "लेन्स लागत नाही" हे दुखणं आता उरलेलं नाही. पण लावल्यावर बाकीची दुखणी सुरू होतात. फळ्यावर यादी केली:

- फोकस हाताने करावा लागतो, आणि छोट्या स्क्रीनवर तो नीट कळत नाही.
- कॅमेऱ्याला लेन्स ओळखता येत नाही. हात हलला तर फोटो सावरणारी यंत्रणा असते, पण लेन्स किती मिलिमीटरची ते दर वेळी आपण सांगावं लागतं.
- जुन्या कॅमेऱ्यात छिद्र, म्हणजे ॲपर्चर, क्लिक करण्याच्या क्षणीच लहान व्हायचं. ॲडॅप्टरवर ते आधीपासूनच लहान राहतं आणि साध्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो.
- सेन्सर लहान असेल तर चित्र कापलं जातं. दीडपट कापणाऱ्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ सारखी वागते.
- सेन्सरवर काचेचं आवरण असतं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या काही जुन्या वाइड लेन्स त्या जाड काचेमुळे कोपऱ्यात धूसर दिसतात.

लक्षात ठेवा, "लोकांना आवडेल" हे दुखणं नाही. दुखणं असं लिहायचं की वाचणाऱ्याने "हो, हे माझ्यासोबत होतं" म्हटलं पाहिजे.

पायरी २: कल्पनेतलं प्रॉडक्ट काढा, आणि काय काढून टाकायचं तेही लिहा

मग आम्ही तो कॅमेरा कागदावर बनवला. ३६ बाय २४ मिलिमीटरचा पूर्ण फ्रेमचा सेन्सर, म्हणजे जुन्या रोलच्या फ्रेमएवढा. त्यावर पातळ काच. मोठा, स्वच्छ व्ह्यूफाइंडर, आणि त्यात जुन्या कॅमेऱ्यासारखी दोन तुकड्यांत दिसणारी प्रतिमा, तुकडे जुळले की फोकस झाला. बोटाने फिरवायची एक चकती, तिच्यावर आपल्या लेन्सची नावं साठवलेली. चकती फिरवली की कॅमेऱ्याला लेन्स कळली. ॲपर्चर क्लिकच्या क्षणीच मिटवणारी छोटी कळ.

आणि काय नको? ऑटोफोकस नको. दोनशे मेनू नकोत. एका सेकंदात वीस फोटो नकोत.

हा कागद बघून सगळी बॅच खूश. इथेच बहुतेक उद्योजक फसतात मित्रांनो. कागदावरच्या प्रॉडक्टला वॉरंटी द्यावी लागत नाही.

पायरी ३: हे आधी कोणी केलं? त्याचं काय झालं?

"अशी आयडिया कोणालाच सुचली नाही" असं वाटलं की समजा, अजून शोधलं नाही.

२००४ मध्ये एप्सनने, हो, प्रिंटरवाल्या एप्सनने, आर-डी१ नावाचा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा काढला. लायका एम माउंटच्या जुन्या लेन्स त्यावर लागायच्या. शटर भरायला रोलच्या कॅमेऱ्यासारखी कळही होती. एप्सन पुढे कॅमेऱ्याच्या धंद्यात राहिली नाही. लायकाने २००६ मध्ये एम८ आणि २००९ मध्ये पूर्ण फ्रेमचा एम९ आणला. ते आजही असे कॅमेरे बनवतात, पण किमती अशा की आपल्याकडे तेवढ्यात चारचाकी येते. निकॉनने २०१३ मध्ये डीएफ काढला, त्यावर त्यांच्या १९५९ पासूनच्या बहुतेक लेन्स बसायच्या. फ्रान्समधली पिक्सी नावाची छोटी कंपनी तर मागचा स्क्रीनच नसलेला, एम माउंटचा कॅमेरा विकते.

आपल्यासारख्या छोट्यांसाठी सगळ्यात मोठा धडा डिजिटल बोलेक्सचा. अमेरिकेतल्या दोघा-तिघांच्या टीमने २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले, अडीच लाख डॉलरहून जास्त. कॅमेरा होता १६ एमएम सिनेमाच्या जुन्या सी माउंट लेन्ससाठी. त्यांनी फसवलं नाही, कॅमेरा खरोखर बनवला, लोकांच्या हातात दिला, चित्रंही सुंदर यायची. तरी २०१६ मध्ये विक्री बंद केली. चांगलं प्रॉडक्ट आणि टिकणारा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

मोठ्या कंपन्या असा कॅमेरा खास का बनवत नाहीत? आपल्या झेरॉक्सवाल्या दादांना विचारा. प्रिंटर एकदाच विकला जातो, शाई वर्षानुवर्षं विकली जाते. कॅमेऱ्याच्या धंद्यात शाई म्हणजे लेन्स. बॉडी घेणारा माणूस पुढे दोन-तीन लेन्स घेईल, हा हिशोब असतो. आणि आपला ग्राहक कोण? ज्याच्या घरी लेन्सची पेटी आधीच भरलेली आहे! त्याला बॉडी विकून कंपनीला पुढची विक्री मिळणारच नाही.

दरम्यान बाजाराने स्वतःच वाट काढली. २०१३ मध्ये सोनीने ए७ हा पूर्ण फ्रेमचा मिररलेस आणला. तो जुन्या लेन्ससाठी बनवलेला नव्हता. पण अंतर कमी, फ्रेम पूर्ण, आणि फोकस झालेल्या कडा रंगाने चमकवून दाखवायची सोय. लोकांनी ॲडॅप्टर लावला आणि कल्पनेतला कॅमेरा ऐंशी टक्के तयार झाला.

पायरी ४: आपल्याच मातीतला दाखला

इथे पोराचा चेहरा पडला. "म्हणजे आपण कॅमेरा बनवूच शकत नाही का जी?"

मी त्याला कोल्हापूरची गोष्ट सांगितली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पेंटर हेच त्यांचं नाव पडलं. सिनेमाचं वेड लागलं, पण परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. मग स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्यासोबत काम पुढे नेलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. त्यातून १९२० मध्ये 'सैरंध्री' हा सिनेमा आला. हेच दामले पुढे १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते.

या गोष्टीवरून छाती फुगवून दीड लाख घालवायला निघू नका. नीट बघा, त्यांनी काय केलं. पडदे रंगवण्याचं चालू काम हातात होतं. कॅमेरा त्यांनी विकायला बनवला नाही, स्वतःचं काम करायला बनवला. कमाई कॅमेऱ्यातून नाही, त्या कॅमेऱ्याने काढलेल्या सिनेमातून यायची होती. आणि त्या काळचा कॅमेरा लाकूड, धातू आणि दातेरी चाकांचा होता, कारागिराच्या हातात बसणारा. आजचा सेन्सर जगातल्या मोजक्या कारखान्यांत बनतो.

मग प्रश्न बदला. "कॅमेरा कसा बनवू?" हे सोडून द्या. "या पेटीतून, या गावात, कोणाचं काम माझ्याकडून होईल?" हे विचारा.

पायरी ५: ब्रह्मपुरीत या पेटीचा ग्राहक कोण?

आधी एक गोष्ट कापून टाकली. ब्रह्मपुरी म्हटलं की सगळ्यांना वाघ आठवतो. ताडोबा जवळ, आपल्याच वनविभागात वाघ. पण पळत्या वाघावर हाताने फोकस करणं नवशिक्याचं काम नाही. त्याला लांब लेन्स आणि जलद ऑटोफोकस लागतो. वाघ आपला ग्राहक नाही, सोडून द्या.

उरले तीन.

*पहिला, झाडीपट्टी रंगभूमी.* वडसा आपल्या शेजारी, वैनगंगेच्या पलीकडे. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं. कलाकारांना आणि कंपन्यांना पोस्टरसाठी, मोबाइलवर टाकण्यासाठी चांगले फोटो हवे असतात. मंचावर उजेड कमी. साध्या कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स झूम केल्यावर एफ ५.६ वर येते. पेटीतली एफ २ ची जुनी ५० मिलिमीटर लेन्स तिच्या जवळपास आठपट उजेड आत घेते. आणि नट संवाद म्हणताना बऱ्याचदा एका जागी उभा असतो, म्हणजे हाताने फोकस जमतो.

*दुसरा, न हलणाऱ्या वस्तू.* बांबूच्या वस्तू, कोशाचं कापड, तांदळाची पाकिटं, बचत गटांची लोणची-पापडं. ऑनलाइन विकायला फोटो लागतात आणि मोबाइलच्या फोटोत कापडाचा पोत येत नाही. वस्तू हलत नाही, त्यामुळे जुन्या लेन्सचा तोटा इथे शून्य.

*तिसरा, जुन्या लेन्सच.* जिल्ह्यात किती बंद स्टुडिओ असतील? प्रत्येकाच्या माळ्यावर अशी पेटी. त्या तपासून, साफ करवून, खरी स्थिती सांगून विकता येतात. हा किरकोळ बाजार आहे असं समजू नका. युक्रेनमधली आयर्नग्लास कंपनी जुन्या सोव्हिएत लेन्सना सिनेमासाठी नवं धातूचं आवरण बसवते, आणि त्यांच्या लेन्स 'ड्यून: पार्ट टू' या हॉलिवूडपटाच्या शूटिंगला वापरल्या गेल्या. झेनिट कॅमेऱ्यासोबत यायची ती ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स, जिच्यात मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, ती आपल्याकडच्या पेट्यांतही सापडते.

लेन्स घेताना, ठेवताना पाच गोष्टी

१. मोबाइलचा टॉर्च मागून लावून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा पहिला शत्रू. बुरशी लागलेली लेन्स चांगल्यांपासून वेगळी ठेवा.
२. ॲपर्चरची रिंग फिरवा. आतली पाती झटकन हलली पाहिजेत. पात्यांवर तेल दिसलं तर ती अडकतात.
३. फोकसची रिंग जड असेल तर आतलं ग्रीस वाळलं आहे. ते दुरुस्त होतं, पण किंमत कमी करून मागा.
४. काच पिवळट दिसली तर लगेच टाकू नका. पेंटॅक्सच्या काही जुन्या टाकुमार लेन्सच्या काचेत थोरियम होतं, ती काळानुसार पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवल्यावर बरीच निवळते. मात्र अशी लेन्स स्वतः खोलायची नाही, आणि विकताना ग्राहकाला हे सांगायचं.
५. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवू नका! तांदळाची भुकटी आत जाते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या.

पायरी ६: आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारात विचारून स्वतःचे टाका.

समजा सेकंडहँड मिररलेस बॉडी ६०,०००, ॲडॅप्टर ३,०००, बॅटऱ्या आणि कार्ड ७,०००, ट्रायपॉड ५,०००, लेन्स ठेवायची सोय ५,०००. एकूण ८०,०००.

समजा एका नाटकाच्या रात्रीचे २,५०० मिळाले. पेट्रोल-चहा ४००, एडिटिंग आणि डिलिव्हरी ६००. हातात १,५००. मग ८०,००० भागिले १,५००, म्हणजे ५४ रात्री. सीझनचे साधारण सोळा आठवडे धरले, तर आठवड्याला तीन ते चार रात्री काम हवं, फक्त भांडवल परत यायला. आणि यात तुमच्या जागरणाची मजुरी धरलेलीच नाही.

हे वाचून पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "आठवड्याला चार? मले तर एकही कंपनीवाला ओळखत नाही."

मित्रांनो, हे वाक्य त्या दिवशीची कमाई होती. दीड लाख वाचवणारं वाक्य.

मग पर्याय मांडला. बॉडी विकत घ्यायचीच नाही. समजा दिवसाला १,००० भाड्याने मिळाली, तर १,५०० मधले ५०० उरतात. कमी आहेत, पण अंगावर काही नाही. फक्त ॲडॅप्टर घ्यायचा, म्हणजे जोखीम ३,००० ची. पाच रात्री काम करायचं. पाचपैकी तीन ग्राहक पैसे देऊन पुन्हा बोलावतात का, एवढंच बघायचं. बोलावलं तर बॉडीचा विचार. नाही बोलावलं तर ३,००० मध्ये शिकलो.

कर्जाबद्दल सगळे विचारतात. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, उद्यम नोंदणी मोफत होते, कोणाला पैसे देऊ नका. पण माझा सल्ला स्पष्ट आहे, पहिल्या पाच ग्राहकांच्या आधी कर्ज नाही. योजना मिळते म्हणून धंदा करायचा नसतो.

पुढे काय झालं?

पोराने भाड्याची बॉडी आणली. पहिल्या रात्री निम्म्याहून जास्त फोटो आऊट ऑफ फोकस. रात्री दोन वाजता मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, खाली लिहिलं, "सर, बाबा बरोबर असते तर जमलं असतं."

मी विचारलं, "मग बाबांना का नाही नेलं?"

दुसऱ्या नाटकाला वडील सोबत गेले. बारा वर्षं बंद स्टुडिओवाला माणूस, मंचासमोर सतरंजीवर बसून लेन्सची रिंग फिरवत होता. त्यांना स्क्रीनवरच्या रंगीत कडा नको होत्या. त्यांची बोटंच फोकस करत होती. त्या रात्रीच्या फोटोंपैकी एक नटीने स्वतःच्या पोस्टरसाठी मागितला आणि पैसे दिले.

आम्ही फळ्यावर लेन्स मोजल्या, बॉडी मोजली, ॲडॅप्टर मोजला. त्या घरातली सगळ्यात महाग मशीन, म्हणजे वडिलांचा हात, आम्ही कोणीच मोजला नव्हता. मीसुद्धा नाही. ही माझी चूक, म्हणून जाहीर लिहितोय.

धंदा उभा राहिला असं मी म्हणणार नाही. पाचपैकी दोनच जणांनी पुन्हा बोलावलं, ठरवलं होतं तीन. म्हणून बॉडी अजून घेतलेली नाही, आणि धानाचे दीड लाख जागेवर आहेत. आता बाप-लेक वस्तूंच्या फोटोंची पाच कामं करून बघणार आहेत. सीझन संपल्यावर हिशोब घेऊन या असं सांगितलंय.

तुमचा होमवर्क

एक कोरा कागद घ्या आणि चार ओळी लिहा:

१. माझ्या आयडियात ग्राहकाचं दुखणं कोणतं? एका वाक्यात.
२. हे आधी कोणी केलं आणि ते का थांबले किंवा का टिकले?
३. सगळ्यात कमी किती पैशांत मी पाच खऱ्या ग्राहकांवर हे तपासू शकतो?
४. माझ्या घरात कोणाचा हात, कोणाचं कसब बिनवापराचं पडून आहे?

चौथी ओळ रिकामी सोडू नका. आई, आजोबा, काका, बंद दुकानातला शेजारी, सगळ्यांचा विचार करा. उत्तरं व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात त्यातल्या तीन आयडिया आपण असाच फळ्यावर घेऊ.

भेटू पुढच्या व्हिडिओत. हिशोब लिहीत रहा!